गाडीवेड्यांनी ईव्ही कशी पारखावी: सोलापूरचं ऊन, तुळजापूरचा घाट आणि घरचं अर्थिंग

शोरूमच्या माणसाला ईव्ही विकायला फार बोलावं लागत नाही. तो तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेतो, स्पोर्ट मोड लावतो आणि म्हणतो, "दाबा साहेब." पाठ सीटला चिकटते, आणि पाच मिनिटांत निम्मी मंडळी बुकिंगच्या टेबलावर बसलेली असतात. उरलेली निम्मी "चाकं लावलेला मोबाईल आहे हो हा" म्हणत आपल्या टर्बो पेट्रोलकडे परत. दोघांनीही गाडी पारखलेली नसते. ईव्हीचं पहिलं मिनिट कधीच वाईट नसतं. तिचा स्वभाव कळतो दुसऱ्या तासात: बाहेर बेचाळीस डिग्री, बॅटरी पाव उरलेली, मागे दोन माणसं आणि समोर चढ.

वजन, आवाज, गरम झाल्यावर पॉवर कापणं, लांबचा प्रवास, पाच वर्षांनी बॅटरीचं काय, या शंका खोट्या नाहीत. सोलापुरात त्यातल्या काही जास्तच खऱ्या ठरतात, काही निम्म्या होतात. वाद घालण्यापेक्षा एक पूर्ण दिवस काढा आणि मोजा. दिवस एप्रिल-मे मधला असला तर उत्तम. डिसेंबरातली तपासणी इथं अर्धवटच राहते.

आधी क्लचचा प्रश्न निकालात काढा

तुमची मजा नेमकी कशात आहे? तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना टाचेनं रेस देऊन आरपीएम जुळवण्यात असेल, तर ती कुठलीच ईव्ही देणार नाही. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमध्ये आठ खोटे गिअर आहेत, त्यांच्या जोडीला खोटा आवाजही आहे. नक्कल चांगली आहे, पण नक्कलच. पोर्शे टायकानच्या मागच्या ॲक्सलला दोन खरे गिअर आहेत, ते बदलतो मात्र संगणक. तसंच, वर्षाला एकदा रिमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार) करण्यात आणि एक्झॉस्ट बदलण्यातच ज्यांचा जीव रमतो त्यांनी ध्यानात घ्यावं: ईव्हीत पॉवरची मर्यादा सॉफ्टवेअर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) आणि बॅटरी ठरवतात. तिथं हात घातला की वॉरंटी गेली आणि हाय व्होल्टेजशी खेळ सुरू झाला. अशांनी पैसे वाचवावेत आणि सरळ शेवटचा भाग वाचावा.

वळणातून बाहेर पडतानाची ओढ, ओव्हरटेकला पटकन मिळणारी ताकद, स्टिअरिंगमधून कळणारा रस्ता, यात मजा असेल तर पुढं वाचा.

ब्रोशरचा आकडा कसा वाचायचा

बीवायडी सील परफॉर्मन्स ५३० अश्वशक्तीची, शून्य ते शंभर ३.८ सेकंद. एमजी सायबरस्टर ३.२. महिंद्रा बीई ६ मोठ्या बॅटरीत २१० किलोवॉट, ६.७ सेकंद. हे आकडे खोटे नाहीत, पण ते ज्या स्थितीत निघतात ती तुम्हाला रोज मिळत नाही: बॅटरी भरलेली, तापमान मानवणारं, टायर चांगले, गाडीत फार तर एक-दोन माणसं.

मोटरचा टॉर्क शून्यापासून पूर्ण मिळतो, पण ठरावीक फेऱ्यांपर्यंतच. त्यानंतर पॉवर स्थिर राहते आणि टॉर्क उतरत जातो. बहुतेक ईव्हींना एकच गिअर असतो, त्यामुळे ताकद परत मिळवायला खालचा गिअर टाकता येत नाही. म्हणून ३० ते ७० मध्ये जी गाडी वेड लावते तीच ९० च्या पुढे "ठीक आहे" वाटू शकते, आणि चांगली टर्बो पेट्रोल तिथं अजून ओढत असते. म्हणजे शून्य ते शंभर नव्हे, ६० ते १०० मोजा. मोहोळच्या पुढे ट्रकमागून बाहेर पडताना उपयोगी येतो तो हाच पट्टा.

दहा वेळा ओढून बघा

शोरूमला आधीच सांगा, "अर्ध्या दिवसासाठी गाडी हवी, बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास असताना द्या, भरून देऊ नका." भरलेली बॅटरी नेहमीच खूश असते. जास्त किलोमीटर द्यायला ते तयार नसतील तर तेच मॉडेल पुण्याहून एक दिवस भाड्यानं आणा. काही हजार गेले तरी तीस-चाळीस लाखांच्या निर्णयापुढं ती रक्कम चिल्लर आहे.

रस्ता सोलापूर ते तुळजापूर, साधारण ४५ किलोमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर, तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर सुमारे ६५० मीटरवर. म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास चढ, आणि तोही बराचसा शेवटी घाटात. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जा. नवरात्रात आणि कोजागिरीला तर या रस्त्यावर भक्त पायी चालत असतात, तेव्हा गाडीचं नावही काढू नका. ऊस गाळपाच्या दिवसांत अंधार पडायच्या आत परत या. मागे दिवा नसलेली ट्रॉली शंभरच्या वेगात दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

चारपदरी महामार्गावर कारची कमाल मर्यादा १०० आहे, बोर्डावर कमी असेल तर तेवढीच. तपासणीला त्याहून जास्त वेग लागतही नाही.

१. दुपारी एकनंतर निघा. एसी २४ वर, तो बंद करायचा नाही. गाडीत तीन माणसं बसवा. शेजारच्यानं मोबाईलवर सेकंदाला ६० चित्रांच्या व्हिडिओत स्पीडोमीटर टिपायचा. डिजिटल आकडा थोडा मागे चालतो, पण दर वेळी सारखाच मागे चालतो, म्हणून तुलना बिघडत नाही.

२. मोकळ्या, सपाट पट्ट्यावर पुढे-मागे कोणी नाही आणि उलट्या बाजूनं दुचाकी येत नाही हे पाहून ४० च्या वेगावरून पाय पूर्ण दाबा, १०० ला सोडा. पुन्हा हळूहळू ४० वर या.

३. असं दीड-दोन मिनिटांच्या अंतरानं दहा वेळा. सव्वादोन टनांच्या गाडीला एका ओढीला साधारण पाव युनिट लागतं, म्हणजे दहा ओढींनी बॅटरी रिकामी होत नाही. तापते मात्र नक्की.

४. मग लगेच घाट चढा, वर दहा मिनिटं थांबा, उतरा. परतीच्या वाटेवर बॅटरी २५ टक्क्यांच्या आसपास आली की आणखी तीन ओढी.

घरी येऊन दर ओढीला ६० ते १०० मध्ये व्हिडिओची किती चित्रं गेली ते मोजा. पहिल्या तीन ओढींची सरासरी आणि शेवटच्या तीनची सरासरी लिहून काढा. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर गाडीचं कूलिंग दणकट आहे. १० टक्क्यांच्या वर गेला तर उन्हाळ्यात तो तुमच्या पायाला जाणवणार. बॅटरी कमी असतानाच्या ओढी वेगळ्या लिहा, कारण तिथलं कारण वेगळं असतं. चार्ज उतरला की बॅटरीचं व्होल्टेज उतरतं, आणि तोच करंट कमी व्होल्टेजवर कमी पॉवर देतो. उष्णतेनं पॉवर गेली असेल तर वीस मिनिटं शंभरच्या खाली चालवून ती परत येते. चार्ज उतरल्यानं गेलेली पॉवर चार्जिंगनंतरच येते. स्क्रीनवर पॉवरच्या पट्टीचा वरचा भाग करडा झाला किंवा कासवाचं चित्र (पॉवर कापल्याची खूण) आलं तर त्याचा फोटो वेळेसकट ठेवा.

आता न्यायाची गोष्ट. हीच परीक्षा तुमच्या पेट्रोल गाडीचीही घ्या, त्याच दुपारी. मे महिन्यात इंटरकूलर तापला की टर्बो पेट्रोलही टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतं आणि ओढ मरते. रोजच्या सवयीनं ते कोणी मोजत नाही, इतकंच. तक्ता समोर आला की बरेच जण थोडे गप्प होतात.

ब्रेक: इथं घाईनं मत बनवू नका

घाट उतरताना ईव्हीची खरी मजा आहे, आणि खरा गोंधळही. पायाखालचा ब्रेक दबतो तेव्हा आधी मोटर जनरेटरसारखी चालून वेग खाते, यालाच रीजन म्हणतात. कमी पडलं की मग पॅड डिस्कला लागतात. दोन्हींची सांधेजोड नीट नसेल तर शेवटच्या १५-२० च्या वेगात पाय अचानक खोल गेल्यासारखा किंवा गाडी दचकल्यासारखी वाटते. गल्लीत, सिग्नलला, मुंगीच्या चालीनं दहा-बारा वेळा थांबून बघा. सांधा कळला तर तो आयुष्यभर कळत राहणार.

दुसरी परीक्षा भरलेल्या बॅटरीची. शंभर टक्के चार्ज असताना वीज ठेवायला जागा नसते, म्हणून रीजन कमी होतं किंवा बंद पडतं. ज्यांना पाय सोडला की गाडी थांबायची सवय लागली आहे ते पहिल्या वळणावर दचकतात. म्हणून तुळजापुरात किंवा वाटेत गाडी पूर्ण भरून लगेच घाट उतरू नका. सव्वादोन टनांची गाडी दोनशे मीटर चढायला सव्वा युनिट खाते आणि उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. ते परत घ्यायला बॅटरीत चार-पाच टक्के तरी जागा हवी.

तिसरी गोष्ट शोरूम सांगत नाही. पॅड क्वचित लागत असल्यानं डिस्क गंजतात. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर नारिंगी पापुद्रा येतो, तो वरवरचा. चिंता असते ती कडेच्या रिंगेची. बाहेरच्या बाजूला बोटभर रुंद पट्टा खरखरीत, काळपट-तांबूस राहिला आणि मधला भाग चकाकत असला, तर पॅड पूर्ण बसत नाही. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, रीजन सर्वात खालच्या पायरीवर ठेवून ७० वरून २० पर्यंत पाच-सहा वेळा ठामपणे ब्रेक मारा. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला. पॅड नवे दिसतात म्हणून ऑईल जुनं होत नाही असं नाही, ते हवेतलं पाणी शोषतच असतं.

वजन, गतिरोधक, टायर

सील परफॉर्मन्स २१८५ किलोची आहे. जुनी पोलो जीटी त्याच्या निम्म्याच्या आसपास. कितीही ताकद असली तरी हे वजन वळणात लपत नाही. बॅटरी तळाशी असल्यानं गाडी झुकत कमी, म्हणून सुरुवातीला हलकी वाटते. पण एस आकाराच्या दोन सलग वळणांत दुसऱ्या वळणाला तिला फिरायला वेळ लागतो, आणि तिथं टायर ओरडतात. ही शंका शंभर टक्के खरी आहे आणि तिला उपाय नाही. हलक्या गाडीचा चपळपणा हवा असेल तर हलकीच गाडी घ्या.

शहरात दोन तपासण्या करा. पहिली, मागे तीन माणसं बसवून तुमच्या गल्लीतल्या सर्वात उंच गतिरोधकावरून जा, सरळ आणि तिरपं. तळाला घासलं तर ती बॅटरीची पेटी आहे, सायलेन्सर नव्हे. आवाज आला तर लिफ्टवर गाडी चढवून तळाचं कव्हर बघायला लावा. दुसरी, खराब डांबरावर ३०-४० च्या वेगात दहा मिनिटं. वजन पेलायला स्प्रिंग कडक केलेल्या असतात, आणि हा कडकपणा टेस्ट ड्राइव्हच्या गुळगुळीत रस्त्यावर कळतच नाही.

टायर लवकर झिजतात, हे गृहीत धरा. वजन आणि झटक्यात मिळणारा टॉर्क, दोन्ही कारणं. आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकं पुढे-मागे फिरवा. बदलताना मूळ टायरचा लोड इंडेक्स खाली येऊ देऊ नका. स्वस्त टायरवर तेच माप लिहिलेलं असतं, पण भार पेलायची क्षमता कमी असू शकते. हवा सकाळी थंड टायरवर तपासा. दुपारी महामार्गावरून आल्यावर चार-सहा पीएसआय जास्त दिसलं तर ती काढू नका, नाहीतर सकाळी टायर कमी हवेवर सापडेल.

बऱ्याच ईव्हीत स्टेपनीच नसते. सोबतचं सीलंट ट्यूबलेसच्या मधल्या भागातल्या खिळ्याला चालतं, बाजूच्या भिंतीला फाट गेली तर नाही. पंढरपूर किंवा विजयपूरच्या वाटेवर रात्री ही वेळ आली तर टो व्हॅनला पर्याय नाही. सपाट पाटा असलेलीच मागवा, चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. शक्य असेल तर स्टेपनी वेगळी विकत घ्या आणि लांबच्या प्रवासाला डिकीत टाका.

पुणे आणि हैदराबाद: कागदावरचं गणित

रेंजचा ब्रोशरमधला आकडा विसरा. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर, आपल्या लाईट बिलातलंच. बुटकी सेडान शंभरच्या स्थिर वेगात, एसी चालू ठेवून, १०० किलोमीटरला १६ ते १८ युनिट खाते. उंच एसयूव्ही १९ ते २२.

सोलापूर–पुणे २५० किलोमीटर. १८ च्या हिशेबानं ४५ युनिट. बॅटरीत वापरता येणारे ८० युनिट असतील तर पुण्यात चाळीसएक टक्के शिल्लक. हैदराबाद साधारण ३१०, म्हणजे ५६ युनिट, तरी तीस टक्के उरतात. पण ५९ युनिटची बॅटरी आणि एसयूव्ही असेल तर पुण्याला पन्नास लागतात आणि पोचताना पंधराएक टक्के राहतात. एवढ्या काठावर जायचं नाही. टेंभुर्णी ते भिगवणच्या पट्ट्यात वीस मिनिटं थांबा, पोहे खा.

या गणिताला वाऱ्याची दुरुस्ती हवी. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात असतो, आणि पुण्याला जाताना तो समोरून येतो. ताशी ३० चा वारा समोर असेल तर शंभरला गाडीला १३० इतका हवेचा विरोध होतो, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. खर्चातला निम्म्याच्या आसपास वाटा हवेचाच असल्यानं १८ ची गाडी २३-२४ वर जाते. परतीला तोच वारा मदत करतो. सोलापूरहून सुटताना स्क्रीनवरचा अंदाज पाहून निर्धास्त झालेले लोक इंदापूरला घामाघूम होतात ते याच पायी.

उन्हाचा फटका मात्र लोक समजतात तिथं नसतो. एसी आणि बॅटरीचं कूलिंग मिळून २ किलोवॉट खात असेल तर शंभरच्या वेगात ते १०० किलोमीटरला २ युनिट. मे महिन्यात नवी पेठेच्या गर्दीत ताशी २० नं सरकताना तेच १० युनिट होतात. म्हणून उन्हाळ्यात शहरात रेंज ढासळली तर बॅटरी खराब झाली असं समजू नका.

वाटेतला चार्जर निवडताना किलोवॉट बघा, आणि एका खांबाला किती गन (गाडीत खुपसायचे प्लग) आहेत तेही बघा. ६० च्या खांबाला दोन गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी ३०-३० मिळतात. ८० युनिटच्या बॅटरीला १० ते ८० टक्के करायला ६० वर तासभर, ३० वर जवळपास दोन तास. ॲपमध्ये त्या चार्जरवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते तपासा आणि पुढचा पर्यायी चार्जर गाठता येईल एवढी बॅटरी, म्हणजे किमान १५ टक्के, हातात असतानाच थांबा. चार्जरच्या आधीचे वीस किलोमीटर ८० नं चालवा. तापलेली बॅटरी जलद चार्जिंग घेत नाही, आणि मग लोक चार्जरला शिव्या देतात.

घरचं चार्जिंग: वायरमनवर सोडू नका

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी, बुकिंग नंतर. स्वतःचं घर असेल तर पहिल्यांदा लाईट बिलावरचा "मंजूर भार" वाचा. ३२ अँपिअरचा ७.४ किलोवॉटचा चार्जर एकटाच बहुतेक घरांच्या मंजूर भाराइतका किंवा त्याहून जास्त असतो. दोन एसी आणि गिझर वर वेगळे. महावितरणकडे भार वाढवून घ्या किंवा ईव्हीसाठी वेगळं मीटर मागा. घरगुती मीटरवर महिन्याला दोन-अडीचशे युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो, हेही त्या हिशेबात धरा.

खरं तर रोजचं फिरणं पन्नास-साठ किलोमीटर असेल तर मोठा चार्जर लागतच नाही. १५ अँपिअरच्या जोडणीवर रात्रीच्या आठ तासांत सव्वाशे किलोमीटरची वीज भरते. फक्त ती घरगुती सॉकेटवरून घेऊ नका. सलग आठ तास तेरा-चौदा अँपिअर वाहिले की त्याच्या पिना सैल होतात, प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी होतं, आणि एक दिवस वितळतं. निळ्या रंगाचं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. पहिल्या रात्री तासाभरानं प्लगला हात लावा. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद.

३२ अँपिअरसाठी तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर मीटरपासून वीस मीटरपर्यंत पुरते, त्याहून लांब असेल तर १०. वाटेत जोड नको. स्वतंत्र ४० अँपिअरचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीबीओ (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी गळती संरक्षण आहे का ते विचारा. नसेल तर टाइप बी लागतो. दुकानात स्वस्तात मिळणारा टाइप एसी इथं चालत नाही, डीसी गळतीत तो आंधळा होतो.

सोलापुरात गाडी चार्ज न होण्याचं हमखास कारण अर्थिंग. ईव्ही चार्ज व्हायच्या आधी अर्थ तपासते आणि ती बरी नसेल तर साफ नकार देते. आपल्याकडे खाली मुरूम आणि काळा बसाल्ट. पावसाळ्यात ओल असते तेव्हा रीडिंग छान येतं. मे महिन्यात तोच खड्डा सुकून खडखडीत होतो, रोध तिप्पट होतो, आणि रात्री दोनला चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. म्हणून नवं अर्थिंग उन्हाळ्यात मोजून घ्या, अर्थ टेस्टरनं, ५ ओहमच्या आत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. मीठ-कोळशाच्या खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी लागतं. पाण्याची टंचाई असलेल्या शहरात हे सांगणं जिवावर येतं, पण आरओचं वाया जाणारं क्षारांचं पाणी या कामाला उलट जास्त चांगलं. पाइप तिकडं वळवा.

छतावर जागा असेल तर सोलर घ्या. इथल्या उन्हात ३ किलोवॉटचे पॅनल सरासरी दिवसाला बारा युनिट देतात, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर.

उन्हात बॅटरी कशी जपायची

आधी रसायन विचारा. सील आणि बीई ६ मध्ये एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे. ही आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरा, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो आणि वीसवरून एकदम आठवर उडी मारते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० वर थांबवा, शंभर फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. दोन्हींना एक नियम लागू: पूर्ण भरून उन्हात दिवसभर उभी ठेवायची नाही. लग्नाला बाहेरगावी आठवडाभर जायचं असेल तर ५० टक्क्यांवर, सावलीत.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी ईव्हीतही असते आणि उष्णतेनं तीच आधी मरते. ती गेली की ऐंशी युनिट शिल्लक असून दरवाजा उघडत नाही. डिलिव्हरीच्या दिवशीच यांत्रिक किल्ली कुठं लपवलेली आहे आणि जम्प स्टार्टचं टर्मिनल कुठं आहे ते करून दाखवायला लावा.

वॉरंटीच्या कागदात वर्षं बघता तशी क्षमतेची अट बघा. साधारणपणे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरमध्ये क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तरच बदली. महिंद्रा पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी देते, म्हणजे विकताना पुढच्याला ती तशीच मिळत नाही. विम्यात बॅटरी, चार्जर आणि तळाला दगड लागून झालेलं नुकसान लेखी घ्या. तोंडी "सगळं कव्हर आहे हो" याला अर्थ नाही.

जुनी पेट्रोल गाडी ठेवणार असाल तर

आमचं मत विचाराल तर रोजच्याला ईव्ही आणि रविवारच्याला ती जुनी हलकी पेट्रोल, ही जोडी सोलापुरात सर्वात शहाणपणाची. पण उभ्या गाडीची वाट लागते. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. त्यामुळे टाकी महिनोन्महिने अर्धी ठेवू नका. एप्रिल २०२३ आधीची गाडी असेल तर इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि पंपाचं सील दर सर्व्हिसला बघायला सांगा. बोटानं दाबल्यावर पाइप चिकट किंवा फुगलेला लागला तर लगेच बदला. आठवड्यातून एकदा अर्धा तास, नळदुर्गच्या दिशेनं, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. दारात पाच मिनिटं सुरू ठेवून बंद केली तर एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो. महिन्याहून जास्त बाहेर जाणार असाल तर टायरमध्ये पाच पीएसआय जास्त हवा भरा, हँडब्रेक सोडून चाकामागं वीट लावा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.